करमाडचा हमिंगबर्ड

परवा मामेभावाने करमाडहून एक व्हिडिओ पाठवला. बांधावरच्या घाणेरीच्या फुलांपुढे एक जीव हवेत तरंगत सोंडेने मध पितोय, आणि खाली मजकूर: ‘आपल्या वावरात हमिंगबर्ड!!’ लगेच मामी, मावशी, सगळ्यांच्या टाळ्या.

मंडळी, हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत सापडतो. हा स्फिंक्स पतंग. मी तसं कळवलं, तर दादाचं उत्तर आलं, "असेल. पण करमाडला काय असतंय रे? तुला पतंग बघायचेत तर आंबोलीला जा ना."

हमिंगबर्डची चूक मी केव्हाच माफ केली. हे दुसरं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही, कारण ते फक्त दादाचं नाही. निसर्गाचे फोटो काढणारे आपण सगळेच पावसाळा लागला की बॅगा भरून सह्याद्री गाठतो. मग नकाशावर घाट नोंदींच्या ठिपक्यांनी भरून जातो आणि मराठवाडा विरळ दिसतो. तो विरळ नकाशा बघून आपणच म्हणतो, तिकडे काही नाही. अहो, तिकडे बघणारं कुणी नाही!

स्फिंक्सला तर जंगलही लागत नाही. अळीच्या शेपटाशी शिंग असतं आणि डिवचलं की ती पुढचं अंग उचलून स्तब्ध बसते, त्यावरून लिनियसने १७५८ मध्ये हे नाव दिलं. एकीला कण्हेर, तगर, सदाफुली चालते. एकीला रताळ्याचा वेल, एकीला द्राक्षाचा. मृत्युमुखी पतंगाच्या अळीला तीळ आणि वांगी. म्हणजे आपलं अंगण आणि आपलं वावर!

आता माझी चूक सांगतो. लहानपणी आजोळी बाजरीत तिळाचे चार तास असायचे. आजी तिळावरची शिंगवाली अळी काडीने उचलून बांधावर टाकायची. एका दिवाळीत ओसरीच्या भिंतीवर हातभर वाटावा असा पतंग बसला होता, पाठीवर कवटीची खूण. काडी लावली तर उंदरासारखा चित्कारला. आजोबांनी अवलक्षण म्हणून चप्पल उचलली, आजीने अडवलं आणि मी फोटो काढला. तो फोटो आजही आहे. त्यावर तारीख आहे १ जानेवारी, कारण सेल बदलल्यावर कॅमेऱ्यात तारीख लावायची राहिली होती. दिवाळी कुठल्या वर्षाची, आठवत नाही. आपल्याकडे ह्या पतंगाच्या दोन जाती, स्टिक्स आणि लॅकेसिस. मागच्या पंखात पिवळा जास्त की काळा, हे बघितलं तर ओळख सोपी होते. माझ्या फोटोत मागचे पंख पुढच्यांखाली झाकलेले! काडीने जरा सरकवून बघायचं सुचलं नाही. तीळ कोणत्या वर्षी बंद झाला हे आजीलाच माहीत होतं, आणि ती गेली. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत वाढत आली, आज त्या वावरात कंपाउंडची भिंत आहे. तिथे काय होतं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे फक्त एक गोष्ट आहे. नोंद नाही.

म्हणून माझं भांडण आपल्या फोटोबाजीशी आहे. फोटो काढायचा, मोबाइलने सुचवलेलं नाव चिकटवायचं, वाहवा घ्यायची. गमतीने सुरुवात व्हावी, ह्यात वाईट काही नाही. पण ते नाव बरोबर आहे का, हे कुणी बघत नाही, आणि गाव, तारीख, झाड तर लिहीतच नाही. नाव चुकलं तर दहा वर्षांनी कुणी जाणकार दुरुस्त करेल. गेलेली तारीख आणि गेलेलं वावर कोण आणून देणार? खात्री नसेल तर सरळ ‘स्फिंक्स, जात माहीत नाही’ असं लिहा. त्यात कमीपणा नाही.

बेल आणि स्कॉट ह्यांचा भारतातल्या स्फिंक्स पतंगांवरचा ग्रंथ १९३७ चा. त्यातले बेलसाहेब कारवारकडे जंगलखात्यात नोकरीला, नोकरी सांभाळून अळ्या पाळायचे आणि ती काय खाते ते लिहून ठेवायचे. त्या काळी औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं, त्यांचं इकडे येणं झालं नसेल तर त्यांना दोष देता येत नाही. आपली सबब काय? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी समिती असायला हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही करणं हे तिचं मुख्य काम. त्या वहीत पतंगाला मज्जाव नाही.

मी दादाला शंभर पानी वही पाठवली आहे. रकाने चारच: तारीख, वेळ, जागा, झाड. नावासाठी पाचवा रकाना आखून कोरा ठेवलाय. पहिली ओळ त्याच्या हमिंगबर्डची.

असो. रागाच्या भरात बरंच लिहिलं.

ता. क. दादाचा आत्ताच फोन आला. म्हणतो, ओट्यावरच्या दिव्याखाली आणखी एक बसलाय, नाव काय लिहू? म्हटलं, आधी घड्याळ बघ.