शिक्का उठला का?

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. तिकिटावर १५ तारीख असते, आपण १४ ला रात्रीचं जेवून निघतो आणि पावणेबाराला इमिग्रेशनच्या काउंटरसमोर उभे असतो. पासपोर्टवर शिक्का पडतो १४ तारखेचा. आपल्या पुढचं कुटुंब व्हिसाचा कागद शोधत थोडा वेळ खोळंबलं असतं, तर तो १५ चा पडला असता. म्हणजे आपण देश कधी सोडला हे विमानापेक्षा रांगच ठरवते. आठ दिवसांच्या सहलीला निघालेल्यांना याचं काही वाटायचं कारण नाही. जहाजावर नोकरी करणाऱ्यांना मात्र आहे, आणि आपल्या कोकणपट्टीत अशी घरं पुष्कळ. आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत राहिला तर करापुरते ते अनिवासी. एखादा दिवस वर गेला की सगळा हिशेब फिरतो. मग सीए पासपोर्टची पानं आणि सीडीसीतल्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या, बोटीवर चढल्या-उतरल्याच्या तारखा शेजारी ठेवून दिवस मोजतात. आलेला दिवस धरायचा का, गेलेला धरायचा का, यावरची भांडणं प्राप्तिकर न्यायाधिकरणापर्यंत गेलेली आहेत. अशा वेळी शिक्क्यातला आकडा १ आहे की ७, हेच कळेनासं झालं तर काय होत असेल याची कल्पना करा.

एवढं ज्याच्यावर अवलंबून, तो शिक्का आपण बघतही नाही. भाजीवाल्याकडून दहा रुपये सुटे मोजून घेणारा माणूस काउंटरवरून पासपोर्ट उचलतो आणि तसाच खिशात टाकतो. गणवेशातल्या माणसाला पुन्हा काही विचारायचं म्हणजे आपल्याला उगाच धाकधूक वाटते. मागे रांग असते, टूर लीडर लांबून हात करत असतो. पण चूक दुरुस्त होण्याची सगळ्यात सोपी जागा तीच असते. तारीख चुकली, येण्याऐवजी जाण्याचा शिक्का पडला, तर तोच अधिकारी तो रद्द करून तिथल्या तिथे नवा मारू शकतो. काउंटर सुटला की ते काम आठवड्यांचं होतं.

बघायचं तरी काय? युरोपातल्या शेंगेन देशांचा शिक्का त्या मानाने समजायला सोपा. एका कोपऱ्यात ताऱ्यांच्या वर्तुळात देशाचं अक्षर, मध्ये दिवस-महिना-वर्ष अशी तारीख, खाली नाक्याचं नाव. एक बाण असतो, तो चौकटीत शिरत असेल तर आलात, बाहेर पडत असेल तर गेलात. आणि विमान, जहाज, आगगाडी किंवा मोटार यांपैकी एक छोटं चित्र. लंडनहून रेल्वेने पॅरिसला जाणाऱ्यांचा इथे गोंधळ उडतो. फ्रान्सचे अधिकारी लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनातच बसलेले असतात, त्यामुळे फ्रान्समध्ये आल्याचा शिक्का इंग्लंडच्या जमिनीवर पडतो. पॅरिसला उतरल्यावर कुणी विचारत नाही आणि लोक घाबरतात की आपला शिक्का राहिला. इंग्लंड सोडल्याचा शिक्का शोधत असाल तर तो मात्र मिळणार नाही. ब्रिटन जाताना शिक्का मारतच नाही.

तेव्हा प्रत्येक रिकामी जागा म्हणजे चूक नव्हे. खरी चूक कशी घडते त्याचा एक नमुना ओळखीतल्या एका निवृत्त जोडप्याचा. इटली बघून झाली, रोमहून निघाले आणि वाटेत शेंगेनमधल्याच दुसऱ्या एका विमानतळावर विमान बदललं. अशा प्रवासात बाहेर पडल्याचा शिक्का रोमला पडत नाही. शेंगेनमधला जो शेवटचा विमानतळ, तिथे तो पडतो. मधे वेळ थोडा, काकांचे गुडघे दुखरे, दोघांचे पासपोर्ट एकदम पुढे केलेले. काकूंच्या पासपोर्टवर शिक्का पडला, काकांच्या नाही. ते कुणाच्या लक्षात यावं? पुढे नातवाच्या मुंजीला, हो, जर्मनीत, जायचं ठरलं आणि व्हिसाच्या अर्जाच्या वेळी ते पान वर आलं. कागदोपत्री काका इटलीत शिरले होते आणि अजून तिथेच होते. काकू तेवढ्या परत आल्या होत्या.

यात विनोद आहे, पण शेंगेनचा नियम विनोदी नाही. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही, आणि पासपोर्टवर आल्याचा किंवा गेल्याचा शिक्का नसेल तर माणूस मुदतीपेक्षा जास्त राहिला असं अधिकारी गृहीत धरू शकतात, असं त्यांच्या सीमा-संहितेत सरळ लिहिलेलं आहे. ते खोडून काढायला विश्वासार्ह पुरावा द्यायचा, प्रवासाची तिकिटं किंवा त्या काळात आपण दुसरीकडे होतो हे दाखवणारं काहीतरी. शिक्का मारणं हे अधिकाऱ्याचं काम, आणि त्याने तो मारला नाही तर खुलासा आपण करायचा. मला हे अन्यायाचं वाटतं, पण जगभर साधारण असंच चालतं. काकांना तारलं ते मुंबईच्या शिक्क्याने. भारतात परत आल्याची तारीख त्याच पासपोर्टवर दोन पानं पुढे ठसठशीत उठलेली होती. बोर्डिंग पास त्यांनी पुस्तकात खूण म्हणून ठेवला होता, तोही जोडला.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथेही जाताना शिक्का नाही. विमान कंपनीने दिलेल्या प्रवाशांच्या यादीवरून गेल्याची नोंद होते. येतानाचा शिक्का असला तरी खरा हिशेब आय-९४ नावाच्या नोंदीचा, आणि विमानाने येणाऱ्यांसाठी ती २०१३ पासून संगणकावर आहे. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत ही नोंद ठरवते. मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना साधारण सहा महिने मिळतात. एच-१बीवाल्यांची एक फसगत मात्र पुण्यातल्या कितीतरी घरांना ठाऊक असेल. पासपोर्टची मुदत परवानगीच्या आधी संपत असली, तर अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. पासपोर्टचं नूतनीकरण होतं, नोकरी चालू असते, कंपनीच्या कागदावर अजून वर्ष शिल्लक दिसतं, आणि हा गडी मुदत संपूनही तिथे राहतो आहे हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. ही नोंद सरकारी संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून बघता येते. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहूनच ती बघावी. अधिकाऱ्याचीच चूक असेल तर ती दुरुस्त करून देणारी कार्यालयं आहेत.

आणि काहींना शिक्का नसता तर बरं झालं असतं, असंही असतं. बँकॉकची वारी घरच्यांना कळू नये म्हणून पासपोर्टची पानं फाडणारे महाभाग मुंबई विमानतळावर पकडले गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. बायकोच्या धाकापायी थेट पोलिस ठाणं! संगणकात सगळं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. पासपोर्टवरच्या नोंदीत फेरफार करणं १९६७ च्या पासपोर्ट कायद्याने गुन्हा आहे, आणि हे पान फाडणाऱ्यांपुरतं नाही. पुसट तारीख पेनने गिरवून ठळक करण्याचा मोह सज्जनांनाही होतो. तो आवरावा.

शिक्के आता जात चालले आहेत. हाँगकाँग आणि इस्रायलने ते २०१३ मध्येच सोडले, सिंगापूर ईमेलवर पास पाठवतं. मुंबईतही फास्ट ट्रॅक योजनेत नाव घातलेले लोक ई-गेटातून जातात, त्यांचा पासपोर्ट कुणी हातात घेत नाही. युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली. शेंगेनच्या २९ देशांसाठी एकच यंत्रणा. चेहऱ्याचा फोटो घेतात, आणि व्हिसा काढताना आपण दिलेले बोटांचे ठसे ताडून बघतात. दिवस यंत्र मोजणार. लोक खूश आहेत. मला मात्र जुना शिक्का बरा वाटतो, पुसट असला तरी. काकांच्या पासपोर्टवर तो नव्हता हे निदान बघणाऱ्याला दिसत तरी होतं. यंत्रात गेल्याची नोंद राहिली तर पासपोर्ट उलटसुलट करूनही कळायचं नाही, आणि नाव मात्र मुदत ओलांडलेल्यांच्या यादीत आपोआप जाऊन बसेल. एरवी नोंद तीन वर्षं ठेवतात. गेल्याची नोंद नसेल तर पाच.

ती बघण्याचा आणि दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्यांच्या कायद्याने दिलेला आहे. पण मागायचा कशाच्या जोरावर? मुंबईचा शिक्काही ई-गेटाने घालवला तर उरतो बोर्डिंग पास, आणि तोही हल्ली मोबाइलमध्ये असतो. विमान उतरलं की कित्येक अ‍ॅपमधून तो नाहीसा होतो. म्हणून त्याचा स्क्रीनशॉट विमानात चढण्याआधीच काढावा आणि मुलाकडे पाठवून ठेवावा. काका आता तसं करतात. मुलाला वाटतं, बाबा पोचल्याचं कळवताहेत. तो उलट अंगठा पाठवतो.