उलटा करून गुणा!

गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. भाची सहावीत आहे. जेवणं उरकल्यावर ती गणिताची वही घेऊन आली. "मामा, सहा भागिले एक छेद दोन, उत्तर बारा. भागल्यावर वाढलं कसं?"

मी जे उत्तर दिलं त्याची अजून लाज वाटतेय. म्हटलं, "अगं, दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. नियमच आहे तो."

"ते बाईंनी पण सांगितलं," म्हणाली आणि वही मिटली. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "तिला नाहीच जमत रे गणित. माझ्यावर गेलीय."

मला भांडायचंय ते या वाक्याशी. भागल्यावर वाढलं कसं, असा प्रश्न ज्या मुलीला पडतो तिला गणित जमत नाही? अहो, त्या क्षणी घरात गणित करणारी ती एकटीच होती! मी, बाई आणि ताई फक्त नियम पाळत होतो.

चौथीपर्यंत मुलांना गणित डोळ्यांना दिसतं. मणी असतात, काड्या असतात, सुट्टे पैसे असतात. पाचवी ते आठवीत अपूर्णांकांचे हिशेब, ऋण संख्या, गुणोत्तर, बीजगणित एकामागून एक येतात. 'का' विचारायची खरी गरज इथेच, आणि नेमका इथेच आपण तो बंद करतो. त्याऐवजी मंत्र देतो. उलटा करून गुणा. ऋण ऋण धन. बाजू बदलली की चिन्ह बदला. आणि मंत्र कुठेही म्हटला जातो! मग मुलं गुणाकारातही अपूर्णांक उलटा करतात, उणे तीन आणि उणे चार यांची बेरीज अधिक सात लिहितात. आपण म्हणतो, लक्ष नाही अभ्यासात.

कारण सांगायला किती वेळ लागतो? पाऊण किलो खवा आहे, अर्ध्या पावाच्या पुड्या बांधायच्यात. किलोत अर्धे पाव आठ. म्हणजे पाऊण किलोत आठाचे पाऊणपट, सहा पुड्या. एक अष्टमांशानं भागायचं होतं, आपण आठानं गुणलं. झाला की उलटा! आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढेच होते. ते पाठच करायचे, कबूल. पण त्यामागे बाजार होता, माप होतं. आपण पाठांतर ठेवलं आणि माप फेकून दिलं.

तुम्ही म्हणाल, पोर्शन संपवायचा असतो, वर्गात साठ मुलं असतात. शिक्षकांची ही अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. स्कॉलरशिपच्या एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न, तिथे खवा कोण जोखत बसणार? वेगासाठी नियम हवाच. पण कारण कळल्यानंतर. एवढी घाई करून पदरात काय पडतंय? २०२४ च्या 'असर' अहवालात ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. पोर्शन मात्र दरवर्षी संपतो.

आणि शाळेला तरी किती नावं ठेवायची? रविवारी तिथे शाळा नव्हती, मी होतो. मला वेळ होता, चहा पिऊन झाला होता, तरी मी मंत्रच दिला. कारण मला स्वतःलाच 'का' ठाऊक नव्हतं. उत्तर येत नाही हे कबूल करण्यापेक्षा 'नियम आहे' म्हणणं सोपं.

मंगळवारी भाचीला फोन केला. "सहा भाकऱ्या आहेत. प्रत्येकाला अर्धी. किती जण जेवतील?"

"बारा." मग थोडा वेळ गप्प. "म्हणजे भागाकार म्हणजे किती वेळा बसतं ते?"

"हो."

"मग प्रत्येकाला दोन तृतीयांश दिली तर?"

मला कागद घ्यावा लागला. तिनं तोवर नऊ सांगून टाकलं.

असो. ताई, तू हे वाचशीलच. एकच मागणं आहे. 'तिला जमत नाही' हे तिच्यासमोर पुन्हा म्हणू नकोस. तो नियम मात्र ती लगेच पाठ करेल.