तात्पुरती विस्मृती : पक्षाघाताची चाहूल की निराळा विकार?

साठी ओलांडलेली, तोवर पूर्णपणे सावध असलेली व्यक्ती अचानक 'आज वार कोणता? मी इथे कशी आले?' असे विचारू लागते. उत्तर दिले, तरी दोन मिनिटांत पुन्हा तोच प्रश्न. स्वतःचे नाव, मुले-नातवंडे सारे ठाऊक असते. नवे मात्र काहीच लक्षात राहत नाही. काही तासांनी स्मृती पूर्ववत होते. मधला काळ तेवढा कायमचा कोरा राहतो आणि घरच्यांच्या मनात पक्षाघाताची पाल चुकचुकते.

'ट्रान्झियंट ग्लोबल ॲम्नेशिया' हे या विकाराचे नाव फिशर व ॲडम्स या मेंदूविकारतज्ज्ञांनी रूढ केले. तो प्रामुख्याने पन्नाशीनंतर आढळतो आणि २४ तासांच्या आत ओसरतो. अतिश्रम, थंड पाण्यातील स्नान वा मानसिक धक्का ही निमित्ते अनेकदा दिसतात. नेमके कारण अद्याप वादातीत नाही. अर्धशिशीशी असलेला संबंध मात्र वारंवार आढळला आहे.

पक्षाघाताची शंका अगदीच निराधार नव्हती. झटक्यानंतर एक ते तीन दिवसांत केलेल्या एमआरआयमध्ये, स्मृती साठवण्यात महत्त्वाचा वाटा असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक ठिपके दिसू शकतात. तथापि, अशा रुग्णांना पुढे पक्षाघाताचा धोका वाढतो, असे बहुतेक दीर्घकालीन पाहण्यांत दिसलेले नाही.

म्हणून घरी स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत अडथळा आल्यासही क्वचित केवळ विस्मृतीच दिसते. हा भेद घरी करता येत नाही. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातापायांत अशक्तपणा वा दृष्टिदोष जाणवल्यास तर क्षणाचाही विलंब नको. 'वय झाले' म्हणून दुर्लक्ष करणे जितके घातक, तितकेच निदान झाल्यावर आयुष्यभर धास्तीत ठेवणेही अनाठायी.

प्रश्न आणखी एक आहे. १९९० पासून प्रचलित असलेल्या निकषांनुसार, निदानासाठी झटका पाहणारा साक्षीदार आवश्यक असतो, कारण रुग्णाला स्वतःला काहीच सांगता येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील नागरिक दहा कोटींहून अधिक होते. मुले परगावी वा परदेशी असलेल्या घरांत हा साक्षीदार कोण? शेजाऱ्यांना व घरकामाच्या मदतनिसांना ही लक्षणे ठाऊक असणे, ही त्यामुळे केवळ वैद्यकीय नव्हे, तर सामाजिक गरज ठरते.