मूठ अडकवायची की वेग सांभाळायचा?

नावड्याहून मोटारसायकलने लांब निघणाऱ्यापुढे रस्त्यांची निवड फारशी नसते. द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीतच सुरू होतो, पण तिथे दुचाकीला बंदी. अटल सेतू आणि समृद्धीवरही तेच. उरतो जुना पुणे महामार्ग, नाहीतर पेण-वडखळची वाट. तासन्‌तास रेस धरून मनगटाला रग लागते, म्हणून मूठ आहे तिथेच अडकवणारा थ्रॉटल लॉक हौसेने बसवला जातो आणि तो क्रूझ कंट्रोलचा स्वस्त पर्याय समजला जातो. तो तसा नाही. अशा यंत्रणेची पारख ती मूठ किती घट्ट धरते यावरून नव्हे, तर किती चटकन सोडते यावरून व्हायला हवी.

लॉकचा वेगाशी संबंधच नसतो. तो फक्त मूठ जागची हलू देत नाही, त्यामुळे बोरघाट चढताना गाडी मंदावते आणि उतरताना सुसाट सुटते. खऱ्या क्रूझ कंट्रोलमध्ये संगणक चाकाचा वेग पाहून थ्रॉटल कमीजास्त करतो आणि ब्रेक किंवा क्लच दाबताच ते आपोआप बंद होतं. लॉक लावलेला असला तर ब्रेक दाबूनही इंजिन ओढतच राहतं. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे वळणारा ट्रेलर आडवा आला, तर तेवढ्यात लॉक आठवणार कसा? चांगल्या लॉकची मूठ हाताने मागे फिरवता येते, हे खरं. पण हात सुटताच स्प्रिंगने मूठ मागे यावी, ही मूळ सोय तो काढून घेतो. चालक खाली पडला, तर नेमकी तीच लागते.

क्रूझ कंट्रोल महागड्या गाड्यांची चैन आहे, हा आक्षेपही आता टिकत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये हिरोने ग्लॅमर एक्स या १२५ सीसीच्या गाडीत ते दिलं. समोरचं वाहन त्यालाही दिसत नाही, हे मात्र मान्य करायला हवं. म्हणून मुंब्रा-पनवेल रस्त्याच्या गर्दीत तेही बंदच बरं. ज्यांची गाडी जुनी आहे, त्यांनी मुठीवर तळहात टेकवायची साधी प्लास्टिकची पट्टी लावावी. मनगटाला आराम मिळतो आणि हात उचलला की रेस उतरते. लॉकचे पैसे वाचवून थोड्या थोड्या अंतरावर चहाला थांबणं, हा त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय.