परीक्षेचा हंगाम आणि वैद्याचे कर्तव्य

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत एक ठरावीक मागणी येऊ लागते. "मुलगा दहावीला आहे, वाचलेले लक्षात राहत नाही, बुद्धीसाठी काही चांगले औषध द्या." नाताळच्या सुट्टीपर्यंत ही मागणी वाढत जाते आणि पूर्वपरीक्षांच्या तोंडावर तिला अक्षरशः उधाण येते. मागणी करणारे बहुधा पालक असतात. ज्याच्यासाठी औषध हवे तो विद्यार्थी शेजारी मुकाट्याने उभा असतो किंवा आलेलाच नसतो. या मागणीला आपण काय उत्तर देतो, यावर त्या मुलाचे आरोग्य जितके अवलंबून आहे तितकीच आपल्या शास्त्राची प्रतिष्ठाही अवलंबून आहे. म्हणूनच या विषयावर थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते.

प्रथम परिस्थिती ध्यानात घेऊ. महाराष्ट्र राज्य मंडळाची बारावीची लेखी परीक्षा २०२५ साली ११ फेब्रुवारीस आणि दहावीची २१ फेब्रुवारीस सुरू झाली. पूर्वीच्या मानाने हे वेळापत्रक सुमारे दहा दिवस अलीकडे आले. २०२६ च्या वेळापत्रकातही १० आणि २० फेब्रुवारी अशा तारखा आल्या. त्यापूर्वी तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा, त्याही आधी शाळेची पूर्वपरीक्षा आणि शिकवणीवर्गाच्या सराव परीक्षा असा क्रम असतो. परिणामी कार्तिक ते पौष या काळात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मोकळा असा आठवडा मिळत नाही. पहाटे शिकवणी, दिवसा शाळा, सायंकाळी पुन्हा शिकवणी आणि रात्री घरचा अभ्यास, अशी त्याची दिनचर्या होते. नाताळची सुट्टी विश्रांतीसाठी आहे, हे घरात कोणाच्या मनातही येत नाही.

या ताणाचे गांभीर्य आकड्यांतही दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक, म्हणजे १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते. या सर्वांचे कारण परीक्षा होते असे मुळीच नाही. तथापि ज्या राज्यात ही स्थिती आहे त्या राज्यातील वैद्याने, समोर आलेल्या विद्यार्थ्याकडे केवळ 'स्मृतिवर्धक औषधाचे गिऱ्हाईक' म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे : परीक्षेच्या हंगामात विद्यार्थ्याला आधी प्रश्न विचारावेत, मग दिनचर्या सांगावी आणि औषध त्यानंतर, आवश्यक असेल तरच द्यावे. ही कल्पना नवी नाही. तिचा आधार आपल्या संहितांतच आहे.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात स्मृतीची आठ कारणे सांगितली आहेत. निमित्तग्रहण, रूपग्रहण, सादृश्य, विपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत ही ती होत. या आठांत एकाही द्रव्याचे नाव नाही, ही गोष्ट आपण पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. किंबहुना ही यादी म्हणजे एक उत्तम अभ्यासपद्धती आहे. कार्यकारणसंबंध समजून वाचणे, आकृती डोळ्यांसमोर आणणे, साम्य आणि विरोध यांची जोडी लावून लक्षात ठेवणे, मन एकाच विषयात गुंतविणे, वारंवार सराव करणे, विषयाचे तत्त्व समजून घेणे आणि एकदा ऐकलेले पुन्हा ऐकणे, हे सर्व दहावीच्या विद्यार्थ्याला सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. इतिहासातील घटना कारणांसह सांगून पाहा, विज्ञानातील आकृती पुस्तक मिटून काढून पाहा, रात्री वाचलेले सकाळी भावंडाला समजावून सांगा, असा सल्ला वैद्याच्या तोंडून आला तर मुलेही तो आस्थेने ऐकतात.

दुसरा मुद्दा निद्रेचा. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी विद्यार्थ्याच्या घरात सर्वांत आधी ढासळतो तो निद्रेचा स्तंभ. ज्ञान आणि अज्ञान ही निद्रेवर अवलंबून आहेत, असे चरक सूत्रस्थानात स्पष्टपणे सांगतात. आलेल्या निद्रेचा वेग धारण केल्याने जांभया, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग आणि डोळ्यांना जडपणा येतो, हेही आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेले आहे. पूर्वपरीक्षेच्या सुमारास येणाऱ्या मुलांच्या तक्रारी याच यादीतून उतरलेल्या असतात. पालक मात्र त्यांना 'आळस' किंवा 'कमजोर बुद्धी' असे नाव देतात. आधुनिक निद्राशास्त्रही तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप आवश्यक मानते. पाच तास झोपणाऱ्या मुलाला मेध्य रसायन देणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय. रात्री जागरण घडलेच तर जागरणाच्या निम्मा काळ, सकाळी काही खाण्यापूर्वी झोपावे, असा वाग्भटाचा व्यवहार्य तोडगा आहे. तो सुट्टीच्या दिवसांत सहज पाळता येतो. झोपण्यापूर्वी तळपायांना व डोक्याला कोमट तेल लावणे, निजण्याच्या तासभर आधी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे आणि सायंकाळनंतर चहा-कॉफी बंद करणे, एवढ्या तीन गोष्टींनीही फरक दिसून येतो.

तिसरा मुद्दा ऋतूचा. हा काळ मुख्यतः हेमंताचा आहे. या ऋतूत अग्नी प्रबळ असतो आणि त्याला योग्य इंधन मिळाले नाही तर तो रसादी धातूंचेच शोषण करतो. अशा दिवसांत मुले चहा-बिस्किटावर पहाटेच्या शिकवणीला जातात आणि दुपारी दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळेत वडापावावर भागवितात. मग आम्लपित्त, मलबद्धता आणि डोकेदुखी सुरू झाली तर नवल नाही. बाजरीची भाकरी आणि लोणी, तूप घातलेला मऊ भात, मुगाचे कढण, तिळाची चटणी, डिंकाचा अथवा मेथीचा एखादा लाडू, हे महाराष्ट्रातील घराघरांत हिवाळ्यात होणारे पदार्थ विद्यार्थ्यासाठी उत्तम आहेत. ते विकत घेण्यासाठी कोणा औषधालयात जावे लागत नाही, कदाचित म्हणूनच त्यांची शिफारस कमी होते.

आता औषधांविषयी. मेध्य रसायनांना कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क ही चरकोक्त चतुष्टयी आपल्या शास्त्राचे वैभव आहे. परंतु रसायन हे कालांतराने फळते. ब्राह्मीवर प्रौढ व्यक्तींमध्ये जे आधुनिक अभ्यास झाले, त्यांतही परिणाम दिसला तो साधारण १२ आठवड्यांच्या नियमित सेवनानंतर. मग डिसेंबरच्या अखेरीस घेतलेली बाटली जानेवारीच्या पूर्वपरीक्षेत काय करणार? रसायन द्यावयाचेच असेल तर त्याचा विचार श्रावण-भाद्रपदात व्हावा. अग्नी व कोष्ठ पाहून, आमावस्था नाही याची खात्री करून मगच ते सुरू करावे. मळलेल्या वस्त्राला रंग चढत नाही, हा दृष्टांत आपणच रुग्णांना देत असतो.

औषधालयचालकांनी आणखी काही बाबी पाहाव्यात. 'ब्राह्मी' या एकाच नावाने कोठे नीरब्राह्मी तर कोठे मंडूकपर्णी विकली जाते, आणि 'शंखपुष्पी' म्हणून विष्णुक्रांता किंवा गोकर्णही पुढे केली जाते. वेष्टनावरील वनस्पतीचे शास्त्रीय नाव वाचल्याविना औषध हाती देऊ नये. सारस्वतारिष्टासारख्या कल्पांत स्वयंजात मद्यांश असतो, हे पालकांना सांगून मात्रा वैद्याने ठरवावी. बहुतेक सरबतांतील साखरेचे प्रमाणही नजरेआड करू नये. आणि 'विसराळूपणा' घेऊन आलेल्या मुलीची नखे, जीभ व डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू अवश्य पाहावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताल्पता आढळली. पांडुरोगाने थकलेल्या मुलीला स्मृतिवर्धक देणे ही चिकित्सा नव्हे. तीच गोष्ट दृष्टिदोषाची. फळ्यावरचे दिसत नसेल तर ते लक्षात कसे राहणार?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. "मी औषध नाकारले तर पालक समोरच्या दुकानातून घेतील; माझे गिऱ्हाईक तेवढे तुटेल." हे खरे आहे. हंगामातील विक्रीवर दुकानाचे वर्षाचे गणित अवलंबून असते, हेही खरे आहे. तथापि परीक्षेसाठी घेतलेल्या बाटलीचा निकाल जून महिन्याच्या आत लागतो. गुण कमी पडले की दोष औषधाला, पर्यायाने आयुर्वेदाला दिला जातो आणि ते कुटुंब पुन्हा आपल्या पायरीला येत नाही. उलट, "आज औषध नको, मुलाला आठ दिवस वेळेवर झोपवा आणि मग घेऊन या," असे सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास बसतो. तूप, तेल, यष्टिमधू, आवळ्याचे कल्प यांसाठी तेच कुटुंब वर्षभर येते. प्रतिष्ठा हेसुद्धा भांडवलच आहे.

जाहिरातींविषयीही बोलले पाहिजे. दुकानाच्या दारावर 'हमखास स्मरणशक्ती वाढवा', 'परीक्षेत यशाची खात्री' असे फलक या दिवसांत लागतात. औषध नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये, ज्या गोष्टींचा दावा औषधाने करू नये त्यांत मेंदूची क्षमता वाढविणे आणि स्मृती सुधारणे यांचाही उल्लेख आहे. ती अनुसूची आपल्या औषधांना कितपत लागू होते, याचा कायदेशीर ऊहापोह तज्ज्ञांनी करावा. परंतु तिच्यामागील विचार आपल्याला मान्य असावयास हरकत नाही. भयभीत पालकाला खात्री विकणे हे वैद्यधर्मात बसत नाही. त्यासाठी कायद्याचा धाक असण्याची आवश्यकता नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत सत्त्व बहुधा अस्थिर असते, असे चरक विमानस्थानात सांगतात. सोळा वर्षांच्या मुलाचे मन निबर असेल अशी अपेक्षा धरणे शास्त्राला धरून नाही. म्हणून पालकांचे ऐकून घेतल्यावर थोडा वेळ मुलाशी एकट्याने बोलावे. झोप किती, भूक कशी, शौच नियमित आहे का, मित्र भेटतात का, कशाची भीती वाटते, आणि कधी जगणे नकोसे वाटते का, हे सहा प्रश्न सौम्य शब्दांत विचारावेत. शेवटचा प्रश्न विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार पेरला जाईल ही समजूत निराधार आहे. उलट त्याला मन मोकळे करण्यास वाव मिळतो. अनेक दिवस झोप व भूक नाहीशी झाली असेल, मूल सर्वांपासून तुटले असेल, स्वतःला इजा करीत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर आपल्या औषधांचा आग्रह न धरता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे आणि त्याला एकटे सोडू नये, असे पालकांस बजावावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक औषधालयात दर्शनी भागी लावला जावा.

या हंगामापुरता आमचा प्रस्ताव साधा आहे. परीक्षायशाची हमी देणारे फलक सर्वांनी स्वेच्छेने उतरवावेत. त्यांच्या जागी निद्रा, आहार, अभ्यासाची आठ सूत्रे आणि मदतीचा क्रमांक असलेले एक पानी पत्रक संघटनेने छापून सभासदांना द्यावे. प्रत्येक वैद्याने आपल्या परिसरातील एका तरी शाळेत नाताळच्या सुट्टीपूर्वी जाऊन, मुलांशी व पालकांशी तासभर बोलावे; तेथे औषधाचे नाव घेऊ नये. आणि ही सुट्टी मुलांना खरोखर सुट्टी म्हणून मिळावी, यासाठी पालकांचे मन वळवावे. रोज थोडे ऊन, थोडा खेळ, पोटभर जेवण आणि सलग झोप मिळालेला विद्यार्थी जानेवारीत अधिक शांत मनाने उत्तरपत्रिकेसमोर बसेल. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे. परीक्षेच्या दिवसांत ते पाळण्याची संधी दरवर्षी आपल्या दारी चालून येते. सुज्ञ वैद्यबंधु-भगिनी आणि औषधालयचालक यांनी याचा अवश्य विचार करावा, ही विनंती.