धरणात बीज सोडता की शिंगट्याला चारा घालता?

मुळा धरणावर जाळे टाकणाऱ्या भोई आणि भिल्ल बंधु-भगिनींना, मच्छीमार सोसायट्यांच्या सभासदांना, आणि मुळेचेच पाणी पिणाऱ्या नागापूर-बोल्हेगाव-सावेडीकरांना हे पत्रक.

सध्या काठाकाठाने एक बोलणे ऐकू येते. कटला-रोहूचे बीज सोडतो, पण शिंगटा, वाम, डोकरा, शिवडा ते खाऊन टाकतात. तेव्हा एकदाचे औषध टाका आणि हे खादाड मासे संपवा. हे बोलणारे आपलेच लोक आहेत. वर्षभर राबून जाळ्यात काही येत नाही तेव्हा माणूस असे बोलतो, हे मला समजते. तरीही हा विचार चुकीचा आहे आणि धोक्याचा आहे, हे सांगण्यासाठी हे पत्रक छापले आहे.

आधी बीज कसे सोडले जाते ते पाहू. एका तलावावर मी स्वतः उभा होतो. गाडी आली भर दुपारी दोन वाजता. प्लास्टिकच्या पिशव्या उन्हाने तापलेल्या, वर प्राणवायू, खाली पाणी, आणि त्यात नखाएवढी पिल्ले. पिशवी वीसेक मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, आतले-बाहेरचे पाणी सारखे गार होऊ द्यावे, मग तोंड सोडून पिल्लांना आपापली बाहेर जाऊ द्यावे, हे कोणत्याही मच्छीमाराला ठाऊक असते. पण ड्रायव्हरला परतायचे होते आणि कागदावर सह्या व्हायच्या होत्या. पिशव्या फाडल्या आणि ओतल्या. पिल्ले गरगरली, काही पोट वर करून तरंगू लागली. फोटो निघाले. तोवर काठापासून हातभर अंतरावर पाणी खळबळू लागले होते. संध्याकाळी गळाला लागलेला वीतभर शिंगटा पाटावर चिरला, तर पोटात तीच पिल्ले, अंगावरची चांदी अजून न गेलेली.

शिंगट्याने गुन्हा केला नाही. त्याच्या तोंडासमोर घास ठेवला, त्याने खाल्ला.

या धंद्यात मापाचे चार शब्द आहेत: जिरे, बीज, अर्धबोटुकली आणि बोटुकली. बीज म्हणजे जेमतेम २५ मिलिमीटर. मासा मासा खातो तो तोंडाच्या मापाने. वीतभर शिंगटा, काठच्या गवतातला डोकरा, लहान वाम यांच्या तोंडात २५ मिलिमीटरचे पिल्लू सहज जाते. १०० मिलिमीटरची बोटुकली जात नाही. मोठा शिवडा तीही गिळतो, पण मोठे शिवडे धरणात किती आणि हे बारके खादाड किती? बीज संपते ते या बारक्यांच्या तोंडी. बराकपूरची केंद्रीय आंतरस्थलीय मत्स्य संशोधन संस्था म्हणूनच वर्षानुवर्षे सांगत आली आहे की जलाशयात १०० मिलिमीटरपेक्षा लहान काही सोडू नका. पण कागदावर नगांचा आकडा मोठा दिसावा म्हणून आपण बीज घेतो. लाखभर नखाएवढी पिल्ले सोडल्याची नोंद होते, आणि त्यातली जाळ्यात किती आली हे कोणी विचारत नाही.

हे बीज असे उधळण्याइतके स्वस्त नाही. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. पूर्वी बीज नद्यांतून गाळून आणत, आणि त्यात खादाड माशांची पिल्लेही मिसळलेली असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि शुद्ध बीज देशाच्या हाती आले. तो दिवस आपण मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. सत्कार होतात, भाषणे होतात. आणि त्याच महिन्यात तेच शुद्ध बीज नेऊन शिंगट्याच्या तोंडी ओततो. १९९५ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने व्ही. व्ही. सुगुणन यांचा भारतातल्या जलाशयांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात देशातल्या जलाशयांचे सरासरी उत्पादन हेक्टरी २० किलोच्या आसपास निघाले. लहान तलावांचे ५०, मोठ्या धरणांचे ११-१२. हेक्टरी ११ किलोत कोणाचे घर चालणार?

आता औषधाविषयी. मोहाची पेंड नको ते मासे मारते, हे खरे आहे. संगोपन तळ्यात बीज सोडण्याआधी ती टाकतात. पंधरा दिवसांत विष उतरते आणि पेंडीचे खत होते. चांगली पद्धत आहे. पण तिचे प्रमाण पाहा: एक हेक्टर, एक मीटर खोल पाण्याला २,५०० किलो. मुळा धरण २६ टीएमसीचे. हिशेब मांडा, भरल्या धरणाला १,८४,००० टन पेंड लागेल. उन्हाळ्यात पाणी दहाव्या हिश्श्यावर आले तरी १८,००० टन. जे तळ्यात चालते ते धरणात चालत नाही, म्हणून मग कोणी शेतीचे कीटकनाशक काढते. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली, पण विषाच्या बाटल्यांना नावे पुष्कळ आहेत. धरणाच्या एखाद्या खाडीत ते ओतले की शिवडा मरेल, कटलाही मरेल, आणि ते पाणी मुळानगरहून विळदमार्गे नगरच्या घराघरात येईल. नागापूरच्या नळाखालचा हंडा आणि धरणावरच्या माणसाचे जाळे एकाच पाण्यात आहेत. पाण्यात विष घालून किंवा सुरुंग लावून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. गुन्हा नसता तरी ते पाप होते.

आणि खादाड मासे मुळापासून संपवायचे तरी कशाला? शिवडा, मरळ, वाम हे आपल्या नद्यांचे मूळ रहिवासी. बाजारात मरळीला रोहूपेक्षा जास्त भाव मिळतो, हे मासे विकणाऱ्या बायकांना विचारा. शिवडा तर आता जगभरातच कमी होत चालला आहे. दुसरे म्हणजे, धरणातली खरी डोकेदुखी चिलापी आहे. १९५२ साली ती परदेशातून आणली. मादी अंडी-पिल्ले तोंडात जपते, वर्षातून अनेकदा विते, आणि कटला-रोहूच्या तोंडचे अन्न पळवते. उजनी धरणात काय झाले ते भिगवणच्या बाजारात जाऊन पाहा. या चिलापीच्या पिल्लांना खाणारे कोण? हेच शिवडे, याच मरळी. त्यांना मारा, आणि पाच वर्षांत मुळेत चिलापीच चिलापी होईल. थाई मांगूर हा परदेशी खादाड मासा पाळायला तर २००० सालापासून बंदी आहे. तो ज्याच्या तळ्यात असेल त्याने तो सीना नदीत जाऊ दिला तर सात पिढ्यांचे नुकसान होईल.

मग करायचे काय? खादाड माशांना आवर घालायचा, पण वेळ पाहून. फाल्गुन ते ज्येष्ठ धरण उतरते, पाणी आटते, मासे खोलगट भागात गोळा होतात. तेव्हा गळ लावा, दावण लावा, काठच्या गवतात ओढजाळे फिरवा. शिंगटे, डोकरे, काचेसारखे आरपार दिसणारे बारके मासे, सगळे तेव्हा काढा. त्याचे पैसेही होतात. पहिल्या पावसात शिवडे ओढ्यांच्या तोंडाशी अंडी घालायला चढतात, तेव्हा मात्र त्यांना हात लावू नका. आणि बीज सोडले की बारीक आसाचे जाळे कुलपात गेले पाहिजे. हे सांगताना मला त्रास होतो, कारण बारीक जाळे गरिबाचे असते, संध्याकाळच्या कालवणाचे असते. पण त्या जाळ्यात येणारी बोटभर कटला वर्षभराने किलोची होणार असते.

बिजाची वेळ निसर्गानेच ठरवून दिली आहे. बीज मिळते जुलैत. पाऊस चांगला असला की धरण भरत येते ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि सांडव्यावरून पाणी वाहते तेव्हा सोडलेले बीज थेट प्रवरेत जाते. म्हणजे जुलै ते सप्टेंबर ते धरणात सोडायचेच नाही. बिजाची बोटुकली व्हायला नेमके एवढेच, दोन-तीन महिने लागतात. तोवर ते वाढवायला धरणाखालच्या जमिनीत तळी काढा, उथळ खाडीला जाळ्याचे कुंपण घाला, पिंजरे लावा. खायला कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घाला. सांडवा थांबला की ऑक्टोबरच्या एखाद्या पहाटे, गार पाण्यात, बोटुकल्या सोडा. शासनाने अनुदान द्यायचे तर या तळ्यांना द्यावे, आणि ठेक्याच्या अटीत नगांबरोबर माप लिहावे. राहुरीचे कृषी विद्यापीठ धरणापासून हाकेच्या अंतरावर आहे. सोसायट्यांनी तिथे जाऊन मार्गदर्शन मागावे, तो आपला हक्क आहे.

सोसायटीच्या यंदाच्या वार्षिक सभेत धरणात बोटुकलीच सोडण्याचा ठराव मांडा. आणि पुढची गाडी काठावर आली की घरातल्या पोराच्या दप्तरातली फूटपट्टी आणि एक पांढरी बादली घेऊन या. पिशवीतली दहा पिल्ले बादलीत घ्या, सगळ्यांसमोर मोजा. दहा सेंटिमीटर भरली नाहीत तर ती धरणात ओतू देऊ नका, आणि पावतीवर सही करू नका.