बारा खाटा, एक मावशी

‘नर्सिंग होम’ म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर येतं ते एखाद्या डॉक्टरांचं दहा-पंधरा खाटांचं खाजगी रुग्णालय. खाली दवाखाना, वर बाळंतिणींच्या खोल्या. अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांना विचाराल तर ते म्हणतील, नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या, परस्वाधीन झालेल्या माणसांना कायम ठेवायची जागा. गेल्या काही वर्षांत या दोन्हींच्या मधलं असं काहीतरी आपल्याकडेही सुरू झालं आहे. बंगला भाड्याने घ्यायचा, हॉलमध्ये खाटा मांडायच्या आणि दारावर ‘पेशंट केअर सेंटर’ किंवा ‘शुश्रूषा केंद्र’ अशी पाटी लावायची. पक्षाघात झालेले, खुब्याचं हाड मोडलेले, स्मृती गेलेले असे सगळे तिथे. रुग्णालय म्हणते, आता घरी न्या. घरी बघायला माणूस नाही. मग या जागेशिवाय जाणार कुठे?

म्हणून सुरुवातीलाच सांगते, की अशा ठिकाणी आईवडलांना ठेवणाऱ्या मुलांना दूषणं देण्यासाठी मी हे लिहीत नाही. साठीची सून नव्वदीच्या सासूला एकटी उचलू शकत नाही, यात कुणाचे संस्कार कमी पडले असं मला वाटत नाही. चांगली चालवलेली केंद्रंही आहेत. माझं म्हणणं वेगळंच आहे, आणि ते शाळेत शिकवतात त्या काळ-काम-वेगाच्या गणिताइतकं साधं आहे.

आमच्या शाळेत हिंदी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. पक्षाघातानंतर त्यांना गावाबाहेरच्या अशाच एका केंद्रात ठेवलं होतं. नाव लिहीत नाही. मी त्यांना भेटायला गेले ती दुपारी तीनच्या सुमारास, न कळवता. एकूण बारा खाटा. बाईंचे दोन्ही हात गॉजच्या पट्टीने कॉटच्या कठड्याला बांधलेले. पाण्याचा ग्लास स्टुलावर होता, पण हात मोकळे असते तरी पोचला नसता इतका लांब. ओठ कोरडे पडलेले. टाच उघडून पाहिली तर काळपट डाग. त्या दिवशी तिथे कामाला एकच मावशी होती. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “बाई, आजींचे हात सोडले की त्या लघवीची नळी ओढतात. परत घालायला डॉक्टरांना बोलवावं लागतं आणि बोलणी मला बसतात. तिकडं आजोबा ओरडतात, इकडं या. मी एकटी कुणाकडं बघू?”

मी चिडून गेले होते, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाईंचा मुलगा परगावी. दर रविवारी अकराला व्हिडिओ कॉल व्हायचा, आणि त्या आधी आईला न्हाऊमाखू घालून, केस विंचरून, उशीला टेकवून बसवलेलं असायचं. त्याला दिसायची ती आई ही अशी. मी पाहिलं ते त्याला फोन करून सांगितलं, आणि त्याने महिन्याभरात त्यांना हलवलं.

आता गणित. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, ही शुश्रूषेतली जुनी रीत. बारा तासांच्या पाळीत सहा वेळा. एका वेळेला पाच मिनिटं धरली तर झाली ३० मिनिटं. दोन जेवणं आणि चहा-पाणी चमच्याने भरवायचं तर एकूण तासभर सहज जातो, कारण ज्यांना नीट गिळता येत नाही त्यांना घाई करून चालत नाही. स्पंज आणि कपडे बदलणं २० मिनिटं. तीन वेळा डायपर, दहा-दहा मिनिटं, म्हणजे ३०. बेरीज १४० मिनिटं. बारांपैकी आठजण पूर्ण परस्वाधीन आहेत असं समजा. १४० गुणिले ८ म्हणजे ११२० मिनिटं, म्हणजेच १८ तास ४० मिनिटं. मावशीकडे आहेत १२ तास, तेही ती स्वतः एकदाही बसली नाही, जेवली नाही, तर. शिवाय जाड माणसाची कूस बदलायला दोघी लागतात आणि उरलेले चौघे चालते-फिरते तर मी हिशेबात धरलेच नाहीत.

राहिले ६ तास ४० मिनिटं. ते कुठून आणायचे? ते रुग्णाच्याच अंगातून काढले जातात. कूस सहाऐवजी दोनदा बदलली जाते. वीस मिनिटांचं जेवण पाच मिनिटांत कोंबलं जातं, मग घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. पाणी कमी दिलं की डायपर कमी लागतात. हात बांधले की लक्ष ठेवावं लागत नाही. झोपेची गोळी दिली की हाका थांबतात. यातली एकही गोष्ट करायला माणूस दुष्ट असायला लागत नाही, एकटा असला की पुरतं! मारहाण करणारे, पैसे उकळणारे नग असतीलही, त्यांच्यासाठी पोलीस आहेत. पण कॅमेऱ्यात न दिसणारी ही रोजची हेळसांड त्याहून कितीतरी जास्त माणसांच्या वाट्याला येते.

बेडसोअरचंच बघा. माकडहाड, खुबे, टाचा अशा जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. सुरुवातीला फक्त लाली असते, बोटाने दाबली तरी न जाणारी. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ती लाली नीट दिसतही नाही, तिथली जागा गरम किंवा टणक लागते एवढंच. तेव्हा लक्ष दिलं तर बरं होतं. नाही दिलं तर पुढे हाडापर्यंत खड्डा पडतो. हवेची गादी मदत करते, पण कूस बदलायचं काम ती करत नाही. ‘वय झालं की व्हायचंच’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. बहुतेक वेळा ती जखम वयामुळे झालेली नसते, माणूस हलवायला हात कमी पडले म्हणून झालेली असते.

मग कायदा काय करतो? आपल्याकडे १९४९ चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या व्याख्येत आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून उपचार व शुश्रूषा करणारी जागा येते. २०२१ साली त्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनदही आली. पण बंगल्यातलं केंद्र म्हणतं, आम्ही उपचार करत नाही, आम्ही वृद्धाश्रम आहोत. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, पण त्याचा भर मुलांकडून निर्वाह मिळवून देण्यावर आणि निराधारांसाठी वृद्धाश्रम काढण्यावर. खाजगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. त्याबद्दल कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

गंमत अशी, की योग्य ते वाक्य आपल्या कायद्यात आधीच लिहिलेलं आहे, फक्त दुसरीकडे! २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, रुग्णाला बांधून ठेवणं हे शिक्षा म्हणून चालणार नाही आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही चालणार नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. पण हे मानसिक आरोग्य संस्थांना लागू. पक्षाघाताच्या रुग्णाचे हात काय वेगळे असतात?

अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या माणसाला कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधायला किंवा गुंगीत ठेवायला मनाई केली. तरी हेळसांड थांबली नाही, म्हणून २०२४ मध्ये तिथल्या सरकारने थेट आकडाच लिहिला. दर रुग्णामागे रोज सरासरी किमान ३.४८ तास शुश्रूषा. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि २०२५ मध्ये टेक्सासमधल्या न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. हक्कांच्या सनदेला कुणी फारसा विरोध करत नाही. किती हात ठेवायचे हे विचारलं की भांडण सुरू होतं, कारण खर्च तिथे आहे. आमच्या बाईंच्या केंद्राला तोच हिशेब लावून पाहा. दिवसा एक मावशी, रात्री एक धरली, तरी चोवीस तास भागिले बारा रुग्ण. प्रत्येकी दोन तास.

केंद्रचालक म्हणतील, जास्त बायका ठेवल्या तर फी वाढेल, नातेवाईक देणार नाहीत. त्यांचं अगदीच खोटं नाही. आपण चौकशीला जातो तेव्हा फी विचारतो, एसी आहे का विचारतो, जेवण शाकाहारी आहे का विचारतो. माणसं किती, हे विचारत नाही. स्वस्त आणि चांगलं दोन्ही हवं असतं, आणि मधला फरक त्या मावशीच्या पाठीवर आणि आपल्या माणसाच्या कातडीवर पडतो. त्या मावशीला कूस कशी बदलायची हे शिकवलेलं नसतं, आठवड्याची सुट्टीही धड नसते. तिच्याकडून मायेची अपेक्षा मात्र आपण घरच्या लेकीसारखी करतो.

म्हणून माझं मत असं, की सरकारने या केंद्रांची नोंदणी सक्तीची करावी आणि प्रत्येक पाळीत किती परस्वाधीन रुग्णांमागे किती प्रशिक्षित माणसं, हा आकडा ठरवून दारावरच्या पाटीवर लिहायला लावावा. ‘सेवाभावी वातावरण’ असले शब्द नकोत.

ते होईपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं करावं. ठरलेल्या वेळी जाऊ नये. दुपारी तीनला जावं, रात्री नऊला जावं. लांब असाल तर गावातल्या कुणाला पाठवावं. चेहऱ्याबरोबर टाचा आणि माकडहाड पाहावं. कूस बदलल्याची वेळ लिहिलेली वही मागावी. सगळ्या नोंदी एकाच पेनने, एकाच बसणीत लिहिलेल्या दिसल्या तर काय समजायचं ते मास्तरकी केलेल्यांना सांगायला नको! तक्रार करायची वेळ आली तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

आणि माणूस दाखल करायच्या आधी, फी विचारायच्याही आधी, एकच प्रश्न विचारावा. रात्री इथे किती जणी असतात?